तांबडं म्हणजे बोकाच

माघ लागला की आमच्या कसबा बावड्यात दोन गोष्टींनी जीव नको होतो. एक कारखान्याच्या मळीचा वास आणि दुसरी बोक्यांची भांडणं. मळीच्या वासाची आठवड्याभरात सवय होते. एखादा पाहुणा नाक दाबतो तेव्हाच तो आपल्या लक्षात येतो. बोक्यांची सवय मला लग्नाला इतकी वर्षं झाली तरी झालेली नाही. काल सकाळी गच्चीवर मिरच्या वाळत घालत होते, तर पाण्याच्या टाकीमागून तो आवाज आला. आधी तान्हं मूल रडावं तसा, मग पत्रा फाडल्यासारखा. शेजारणीनं भिंतीवरून बादलीभर पाणी भिरकावलं आणि बोक्यांना त्यांच्या आईवरून शिवी दिली. शिवी देताना आमच्याकडं माणूस आणि जनावर असा भेद करत नाहीत. भिजले तरी ते दोघे हटले नाहीत. एक काळा होता, एक राखी. राखी म्हणजे काळाच, पाणी घालून पातळ केलेला. त्यांच्या केसांचे पुंजके येऊन माझ्या मिरच्यांवर पडले आणि मी ते वेचत बसले, काळे एकीकडं, राखी दुसरीकडं.

हा माझा जुना चाळा. मांजर दिसलं की त्याचा रंग वाचायचा. सोयरीक जुळवताना लोक घराणं विचारतात, तसं मी मांजराचं घराणं त्याच्या अंगावर बघते. आई कुठल्या रंगाची असेल, बाप कोण असू शकेल, कोण नक्की नसेल. लोकांना वाटतं, बाईला मांजरांचं वेड आहे. वेड वगैरे काही नाही. एका चैत्रात माझ्या ह्या चाळ्यापायी एक जीव गेला. खरं मोजायचं तर पाच गेले. म्हणून माघ लागला की मी चिडचिडी होते, आणि घरातले म्हणतात, हिला मळीचा वास बाधतो.

ते नव्वदीच्या दशकातलं मधलं एक साल. लग्न होऊन मला वर्षही झालं नव्हतं. माझं माहेर मलकापूरचं, रत्नागिरीच्या रस्त्यावरचं. तिकडं पाऊस असा की मांजरं चार महिने चुलीजवळून हलत नाहीत, त्यामुळं ती मला जवळून बघायला मिळाली. कोल्हापुरात मावशीकडं राहून मी प्राणिशास्त्रात बी.एस्सी. केलं, फर्स्ट क्लास मिळवला, आणि त्याच उन्हाळ्यात वडिलांनी बावड्याचं स्थळ पक्कं केलं. घरात सासूबाई, ज्यांना मी आत्ती म्हणते. सासरे, म्हणजे मामा. आमचे हे, साखर कारखान्यात नोकरीला, हंगाम चालू असला की घरी फक्त झोपायला येणारे. आणि धाकटे दीर आनंदा. आनंदाभाऊजी शेत बघायचे, म्हशी बघायचे आणि उरलेला सगळा जीव गच्चीवरच्या कबुतरांत ठेवायचे.

घर चांगलं होतं. खायला-प्यायला कमी नव्हतं, कुणी हात उगारत नव्हतं, टोमणे मारत नव्हतं. फक्त मला कुणी काही विचारत नव्हतं. म्हैस आटली तर गवळ्याला विचारायचे. मामांना ताप आला तर मेडिकलवाल्याला विचारायचे. उसाचं बेणं कुठलं लावायचं ते सोसायटीतल्या कारकुनाला विचारायचे, ज्याला गवत आणि ऊस ह्यातला फरक कळत होता की नाही, देव जाणे. मला विचारायचे, “भाकरी झाली का?” माझं प्रमाणपत्र ट्रंकेत शालूच्या घडीखाली होतं आणि त्यावर डांबराच्या गोळ्यांचा वास बसला होता. मी स्वभावानं तापट. माझा ताप चुलीवर निघायचा, म्हणजे भाकरी करपायची. आत्ती करपलेली बाजू मुकाट्यानं खाली करून ताटात वाढायच्या. एकदा, फक्त एकदा, चार माणसांत कुणीतरी मला काहीतरी विचारावं आणि माझ्या उत्तराची वाट बघत थांबावं, एवढंच मला हवं होतं. आज लिहिताना हे लहान वाटतं. तेव्हा ह्यापेक्षा मोठं काही नव्हतं.

त्या माघात आमच्या गच्चीवर दोन बोक्यांनी राज्य वाटून घेतलं होतं, म्हणजे वाटणी रोज नव्यानं करत होते. एक बांडा, काळ्यावर पांढरा, पाय पांढरे आणि अर्धं तोंड पांढरं. दुसरा करडा पट्टेरी, कपाळावर उभ्या रेघा असलेला, गल्लीत सगळीकडं दिसतो तसला. सकाळी मी धुणं घेऊन वर गेले की दोघे समोरासमोर बसलेले असायचे, नाकाला नाक लावून, शेपट्या आपटत. असे घटकाभर बसायचे. मग एकाएकी एकच गोळा व्हायचा, आणि तो गोळा गच्चीभर गडगडत जायचा. दात मानेत रुतल्याचा आवाज येतो, तो मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. ओली चादर पिळताना येतो तसा. बांड्याचा डावा कान एके दिवशी मुळापासून फाटला आणि मामांच्या पांढऱ्या धोतरावर रक्ताच्या थेंबांची रांग उमटली. मी ते धोतर तीन वेळा धुतलं. डाग गेला, राग गेला नाही.

पण खरं सांगते, मला ते बघायलाही आवडायचं. घरात सगळे हळू बोलायचे असं नाही. कोल्हापूरकडं हळू बोलणं आजारी माणसाला शोभतं. तरी ज्या गोष्टीचा राग आला तिच्यावर तिथल्या तिथं झडप घालणं मला जमत नव्हतं, आणि ते दोघे रोज तेच करत होते. धुणं दोरीवर तसंच टाकून मी कठड्याला टेकायची आणि त्यांचे रंग वाचायची.

करडं मांजर जवळून बघावं. त्याचा एकेक केस मुळाशी पिवळसर, मधे काळा, पुन्हा पिवळसर, टोकाला काळा असतो. सगळ्या मांजरांचं मूळ अंग हेच. काळं मांजर म्हणजे ज्याच्या केसातला पिवळा बुजला ते. तरी त्याला उन्हात बसवलं तर आतले पट्टे पुसट दिसतात. पांढरा हा तर रंगच नव्हे, तो चुना. खाली काय आहे ते झाकतो. पाय आणि पोट आधी पांढरं होतं, पाठ सगळ्यात शेवटी. आणि तांबडा. तांबड्याची गंमत वेगळी. तांबडा आणि काळा ह्यांना अंगात बसायला एकच जागा असते. बोक्याला ती जागा एकदाच मिळते, म्हणून तो तांबडा तरी असतो नाही तर काळा तरी. मांजरीला ती दोनदा मिळते, एकदा आईकडून आणि एकदा बापाकडून. दोन्हीकडून वेगळं आलं की अंगावर काळे आणि तांबडे तुकडे शेजारी शेजारी नांदतात, त्यात पांढरा चुना मिळाला की तिरंगी. म्हणून तिरंगी मांजर दिसली की डोळे मिटून सांगावं, ही मांजरीच. आणि तांबडी मांजरी व्हायला तांबडा दोन्हीकडून यावा लागतो, तसं जुळून येणं अवघड. म्हणून तांबडं मांजर बहुतेक बोका असतं.

बहुतेक. हा शब्द माझ्या वहीत होता. सरांनी तो फळ्यावर लिहून त्याखाली रेघ मारली होती, आणि मी वहीत लाल पेनानं मारली होती.

फाल्गुनात बोके थंडावले. होळीची बोंब झाली, ऊन तापलं, शेतातून तोड झालेल्या उसाच्या पाचटाचे ढीग गोठ्याच्या माळ्यावर आले. आणि चैत्र लागल्यावर कबुतरं मरायला लागली.

भाऊजींची ढाबळ गच्चीच्या कोपऱ्यात होती, फळ्या आणि जाळीची, माणूस वाकून आत शिरेल एवढी. त्यात त्यांची चाळीसेक कबुतरं. गिरेबाज जातीची, सकाळी सोडली की दुपारपर्यंत आभाळात ठिपका होऊन राहणारी. उन्हाळ्यात त्यांच्या स्पर्धा लागायच्या आणि त्यासाठी भाऊजी पौषापासून त्यांना तुपात घोळलेली बाजरी चारायचे. आत्ती म्हणायच्या, “आमाला कोरडी भाकरी आन कबुतरास्नी तूप.” पहिल्या दिवशी दोन गेली. तिसऱ्या दिवशी पाच. त्या सकाळी वरून भाऊजींची आरोळी आली म्हणून मी आणि आत्ती धावत गेलो. ढाबळीत पिसं गुडघाभर उडत होती. एक मादी अंड्यांवर बसल्या बसल्या मेली होती, मान नव्हती, पण पंख अंड्यांवर तसेच पसरलेले. जाळीचा एक कोपरा वाकवलेला होता आणि तिथल्या तारेला तांबडे केस अडकले होते. भाऊजी मधोमध उकिडवे बसले होते आणि दोन्ही हातांनी पिसं गोळा करत होते, जणू ती परत चिकटवता येतील. मग त्यांनी ढाबळीच्या फळीवर कपाळ आपटलं, एकदा, दोनदा. आत्तींनी त्यांचं बखोट धरलं नसतं तर कपाळ फुटलंच असतं.

तांबडं मांजर सगळ्यांनीच पाहिलं होतं. पंधरा दिवस ते शेजारच्या भिंतीवरून गोठ्याकडं जायचं आणि यायचं. अंगावर पट्टे, शेपटीला वळी, पांढऱ्याचा ठिपकाही नाही. लांबून चालायचं, माणूस दिसला की पळायचं.

त्या दुपारी मामा जेवायला बसले, शेजारी भाऊजी. भाऊजींनी घासाला हात लावला नव्हता. ते म्हणाले, “मी ते मारनार. आजच.”

आत्तींनी चुलीपुढून मान वर केली. “मारशील, पर मांजरी आसली तर न्हाय. आपल्या घरात मांजरी मारत न्हाईत.”

हा त्या घराचा नियम. सगळ्या घरांत मांजर मारणं पापच मानतात, पण आमच्याकडं त्याची वाटणी झाली होती. मांजरी बाळंतपणाला ज्या घरात येते, तिथली ती माहेरवाशीण. आत्तींच्या सासूबाई म्हणे गोठ्यात व्यालेल्या मांजरीला बारा दिवस दूध-भात द्यायच्या, बाळंतिणीच्या शेपा तेवढ्या द्यायच्या बाकी ठेवायच्या. बोक्याला मात्र असली काही सूट नव्हती. बोका पिल्लं खातो, कोंबड्या नेतो. त्याला काठी बसली तर देवही काही म्हणत नाही, असं आत्तींचं मत होतं. म्हणजे मरायचं की जगायचं, ते मांजराच्या शेपटीखाली काय आहे त्यावर. आणि हे तांबडं मांजर कुणाला शेपटीखाली बघू देईल इतकं जवळ येत नव्हतं.

“मग कसं कळायचं?” मामा म्हणाले.

“वैनीस्नी इचारा की,” भाऊजी म्हणाले. “त्या ह्येच शिकल्यात.”

मामांनी हातातला घास ताटात ठेवला. माझ्याकडं वळले. “व्हय की. सूनबाई, तुमी सांगा बघू. तांबडं मांजार बोका आसतंय का मांजरी?”

मी तव्यावरची भाकरी उलटत होते. तिघं माझ्याकडं बघत होते. आत्तींनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं, आवाज होऊ नये म्हणून. मी वाट बघत होते तो क्षण हाच, आणि तो इतका अचानक आला की माझे कान गरम झाले. मी त्यांना सगळं सांगितलं. तांबडा, काळा, एक जागा, दोन जागा. भाकरीच्या पिठाचे गोळे करून परातीत मांडून दाखवलं. मामा ‘आसं’, ‘आसं’ म्हणत होते. आणि शेवटी ‘बहुतेक’ म्हणायची वेळ आली तेव्हा मला वाटलं, हा शब्द उच्चारला की हे सगळं फुकट. बहुतेक म्हणणाऱ्या बाईला कोण विचारतं? गवळी बहुतेक म्हणत नाही, मेडिकलवाला म्हणत नाही.

“तांबडं म्हणजे बोकाच,” मी म्हटलं.

“झालं तर,” मामा म्हणाले आणि जेवायला लागले. त्या दिवशी एकही भाकरी करपली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींनी कबुतरं खुराड्यात हलवली आणि रिकाम्या ढाबळीत मूठभर सुकट टाकून ठेवली. मी धुणं घेऊन जिन्यात होते. त्यांनी हातानं थांबायची खूण केली. आम्ही दोघं जिन्याच्या तोंडाशी बसलो. ऊन अजून कोवळं होतं, खाली मामा म्हशींना पाणी दाखवत होते. ते मांजर भिंतीवरून आलं. जाळीच्या वाकलेल्या कोपऱ्यातून आत शिरलं. भाऊजी दोन ढांगांत पोचले, कोपऱ्यावर फळी दाबली, कुऱ्हाडीचा दांडा उचलला आणि दार उघडून वाकून आत गेले.

मी आत गेले नाही, पण जाळीतून सगळं दिसत होतं. मांजर पहिल्यांदा वर गेलं, छताला उलटं धरून, तिथून भाऊजींच्या खांद्यावर. त्यांच्या मानेपासून कोपरापर्यंत कातडी सोलून निघाली. त्यांनी त्याला ओढून फळीवर आपटलं. पहिला दांडा कमरेवर बसला. त्यानंतर त्याचा मागचा भाग हलेना, तरी ते पुढच्या दोन पायांवर ओढत जाळीकडं येत होतं, म्हणजे माझ्याकडं. तोंड उघडं होतं आणि आवाज येत नव्हता. दुसरा दांडा, तिसरा. भाऊजी दर दांड्याला एकेका कबुतराचं नाव घेत होते. त्यांना सगळ्यांची नावं होती. किती दांडे बसले मी मोजले नाहीत, पण सातपेक्षा जास्त होते, आणि कबुतरं सातच मेली होती. जिन्यात उभी असताना मला भीती वाटत होती आणि तिच्या आत, अगदी तळाशी, एक घाणेरडं समाधान होतं की हे माझ्या शब्दावर चाललंय. हे मी कुणाला कधी सांगितलं नाही.

“वैनी, पोतं आणा.”

मी पोतं नेलं. त्यांनी मांजर मागच्या पायांना धरून उचललं, आणि त्याचं पोट माझ्या डोळ्यांसमोर आलं. पोटावर दोन रांगांत आचळं होती. फुगलेली, गुलाबी, भोवतीचे केस चोखून चोखून झडलेले. एका आचळाच्या टोकाला दुधाचा थेंब आला होता आणि तो माझ्या हातातल्या पोत्यावर पडला.

भाऊजी माझ्याकडं बघत होते. त्यांच्या मानेवरून रक्त वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. “वैनी,” ते म्हणाले, “बोकाच हाय न्हवं?”

खाली मामा होते. चुलीपुढं आत्ती होत्या. आदल्या दुपारी ज्यांनी हातातला घास खाली ठेवला होता, ती माणसं.

“बोकाच हाय,” मी म्हटलं. “लगेच पुरा, वास सुटंल.”

त्यांनी शेताच्या बांधाला नेऊन पुरलं. मी गच्ची धुतली.

संध्याकाळपासून पिल्लं ओरडायला लागली. गोठ्याच्या माळ्यावर, पाचटात. आवाज बारीक असतो, पण थांबत नाही. आत्ती धारेला बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, “कुनाची पिल्लं वरडाल्यात गं? ह्येंची आई कुठं गेली?” मी म्हटलं, “येईल.” दुसऱ्या सकाळी त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं, “येईल.” शिडी लावून वर जायचं आणि पिल्लं खाली आणायची, एवढंच करायचं होतं. पण पिल्लं खाली आली की कुणाची म्हणून विचारणार, तांबडी दिसली की सगळं कळणार. म्हशीचं दूध पातळ करून कापसाच्या बोळ्यानं पाजता येतं, हे मला माहीत होतं. त्या घरात सगळ्यात जास्त मलाच माहीत होतं. मी एक दिवस घालवला. एका दिवसासाठी मी स्वतःला जे म्हणते ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओरडणं एकदम वाढलं आणि एकदम थांबलं. मी शिडी लावून वर गेले. पाचटाच्या ढिगावर फाटक्या कानाचा बांडा बसला होता. मला बघून तो घाईनं उठलाही नाही. तोंड चाटलं आणि कौलांच्या फटीतून निघून गेला. खाली चार पिल्लं होती. तिघांच्या माना मोडलेल्या, त्यांतल्या एकाचं पोट उघडं. चौथं धुगधुगत होतं. दोन तांबडे, दोघी काळ्या-तांबड्या तुकड्यांच्या, आणि चौघांचेही पाय पांढरे. मी तिथं पाचटात बसून ते वाचलं, कारण मला दुसरं काही येत नव्हतं. तांबड्या आईचे मुलगे तांबडेच होणार. मुलींना काळा बापाकडून आला. पांढरे पायही बापाकडून. त्या गल्लीत काळा-पांढरा बोका एकच होता, आणि तो आताच तोंड पुसून गेला होता. स्वतःची पिल्लं आहेत हे त्याला कळलं नव्हतं, आणि रंग वाचता येणाऱ्या बाईनं काय वेगळं केलं होतं? चौथी, त्या दोघींतली एक, माझ्या पदरात तासभर जगली. दुधाचा बोळा तिनं तोंडात धरला, पण ओढला नाही. चौघांना मी पाचटाखालीच झाकलं आणि नंतर खताच्या खड्ड्यात नेऊन पुरलं. आत्तींनी विचारलं, “पिल्लं गप झाली व्हय?” मी म्हटलं, “आई घेऊन गेली वाटतं.”

कबुतरं मरायची थांबली. आणि घरात माझा शब्द चालायला लागला. मामा भावकीत सांगायचे, आमच्या सूनबाईनं नुसता रंग ऐकून सांगितलं, बोका हाय. म्हैस गाभण राहिली का, सूनबाईस्नी इचारा. कुणाच्या पोरीला रक्त कमी, सूनबाईस्नी इचारा. नंतर मामांनीच पुढाकार घेऊन मला बी.एड. करायला लावलं आणि मी शाळेत शिकवायला लागले. दरवर्षी आनुवंशिकतेचा धडा आला की मी फळ्यावर मांजर काढते आणि ‘बहुतेक’ हा शब्द इतक्या वेळा म्हणते की मुलं मागं बसून माझी नक्कल करतात. करू देत. मामा गेले तेव्हा शेवटच्या आजारात डॉक्टरांनी गोळी बदलली तरी माझ्याकडं बघून विचारायचे, घेऊ का? मी हो म्हटल्यावर घ्यायचे. मला त्या वेळी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

बारा वर्षं मी हेच धरून बसले होते की माझ्या एका शब्दानं ती मारली. अपराध मोठा होता, पण आता कबूल करते, त्यात एक मानही होता. शब्द माझा होता.

गेल्या चैत्रातली गोष्ट. भाऊजींनी कबुतरं केव्हाच विकली, ढाबळीच्या फळ्यांची आता कोंबड्यांची खुराडी झाली आहेत. चाळिशीकडं झुकले आहेत, कपाळावरचे केस मागं गेले आहेत. दुपारी जेवायला बसले होते आणि मी त्यांच्यापुढं भाजी परतत उभी होते. परसदारात एक तांबडं मांजर येऊन बसलं. बारा वर्षांत आमच्या दारात आलेलं पहिलं. मी सवयीनं म्हटलं, “बघायला पायजे, बोका हाय का मांजरी. तांबड्याचं नक्की सांगता येत न्हाय.”

भाऊजी हसले. वाईट हसले नाहीत, जुनी गंमत आठवावी तसं हसले. “त्या टायमाला तर नक्की सांगितलंतं तुमी.”

मी भाजी परतत राहिले.

“सोडा वैनी. मला ठावं हुतं,” ते म्हणाले. भाकरी मोडत मोडत. “पंधरा दीस बघत हुतो की तिला. पोट सुटल्यालं बघितलंतं, उतरल्यालं बी बघितलंतं. आई मारू देईना, म्हणून म्हटलं वैनीस्नी इचारा. शिकल्याला माणूस बोलला की आई गप बसती.”

“आन मी मांजरी म्हटलं असतं तर?”

“तर शेतात नेऊन मारली आस्ती,” ते म्हणाले. “मारायची हुतीच. तुमी बोका म्हटलासा, त्यानं एवढंच झालं की मला झोप लागली. भाजी वाढा.”

माझ्या हातात उलथनं होतं, लोखंडी, तापलेलं. मी भाजी वाढली नाही. उलथनं फिरवून त्यांच्या तोंडावर फेकलं, सगळ्या बळानं, माझ्या आजवरच्या आयुष्यात मी कशावरही इतकी झडप घातलेली नाही. ते भुवईच्या वर बसलं. कातडी फाटली आणि रक्त डोळ्यात उतरलं, डोळ्यातून ताटात. मला वाईट वाटलं नाही. दुसरं हाताला काही लागतंय का, ते मी बघत होते. भाऊजी हलले नाहीत. एका डोळ्यानं माझ्याकडं बघत राहिले, आणि त्यांनी हातही वर केला नाही.

आत्ती बाहेरच्या सोप्यातून काठी टेकत आल्या. त्यांना आता कमी दिसतं, पण ताटातलं रक्त दिसलं. त्या आधी भाऊजींकडं वळल्या, मग माझ्याकडं. “कुनी मारलं ह्याला?”

“मी,” मी म्हटलं. “आन ती मांजरी हुती, आत्ती. गोठ्यात व्यालेली, चार पिल्लांची. आमी दोघांनी मारली.”